तो येणारच होता

आदाम आणि हव्वेनं पाप केलं नसतं, तर नाताळ झाला असता का? मध्ययुगातल्या ख्रिस्ती ईशज्ञानपंडितांनी हा प्रश्न फार गांभीर्यानं घेतला होता आणि त्यावरून त्यांच्यात दोन तट पडले होते. प्रापंचिकांसाठी चालणाऱ्या ईशज्ञानाच्या वर्गात मी तो पहिल्यांदा ऐकला आणि वहीत उतरवून घेतला. मग गेल्या डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप फुटला, आणि तेव्हापासून या प्रश्नानं माझा पिच्छा सोडलेला नाही.

आमचं घर वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळीच्या वाडीला लागून. ओटी आणि माजघर आजेसासऱ्यांच्या काळातलं, स्वयंपाकघर नंतर वाढवलेलं. वाडीतल्या विहिरीचं पाणी एके काळी गोड होतं. गावात बावखलं होती, पावसाचं पाणी साठवणारी आणि जमिनीत मुरवणारी ती तळी होती तोवर विहिरींना आधार होता, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. पुढं बावखलं बुजवली गेली, टँकरनं जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं, आणि समुद्राकाठच्या कितीतरी विहिरींसारखी आमचीही विहीर मचूळ झाली. मचूळ पाणी लोखंडी पाइपाला आतून खातं. बाहेरून काही कळत नाही.

नाताळाआधीच्या आगमनकाळातला तिसरा रविवार आनंदाचा रविवार म्हणून पाळतात. तीन जांभळ्या मेणबत्त्यांच्या जोडीला असलेली गुलाबी मेणबत्ती त्या दिवशी लागते. त्याच आठवड्यात ओट्यामागच्या भिंतीला फुगा आला. बोटानं दाबलं तर रंगाच्या पापुद्र्यामागं पाणी सरकताना दिसायचं. मग फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. नवऱ्यानं स्वयंपाकघराचा एमसीबी खाली पाडला आणि फ्रीज, मिक्सर, ओव्हन सगळंच एकदम बंद पडलं. केकसाठी भिजवलेले मनुके आणि काजू बरणीत तसेच. कुलकुलांसाठी नारळाच्या दुधात मळलेला मैदा शेजारच्या घरी नेऊन ठेवावा लागला. येशूजन्माच्या गोठ्यासाठी ताटात पेरलेली नाचणी मात्र माजघरात बोटभर वर आली होती. तिला विजेची गरज नव्हती.

प्लंबरनं भिंत कंबरेच्या उंचीपासून खाली उभी फोडली. छन्नीच्या घावासरशी ओलं प्लास्टर ओल्या मातीसारखं गळून पडत होतं, आवाजसुद्धा होत नव्हता. आतला पाइप एल्बोजवळ इतका गंजलेला, की पाना लावताच तुकडा हातात आला. त्यानं तो उजेडाकडं धरून मला आत बघायला सांगितलं. लालकाळ्या गंजाचे थरावर थर बसले होते आणि मधे पाणी जायला करंगळी शिरेल एवढीही वाट उरली नव्हती. “काकू, एवढाच बदलून भागणार नाही. मागचाही असाच असणार,” तो म्हणाला. मग सीपीव्हीसीचे पाइप आले, नवे एल्बो आले, नळाच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळली गेली आणि गळती थांबली. जाताना तो बजावून गेला, “लगेच प्लास्टर मारून घेऊ नका. भिंतीला लोणा धरलाय. नीट सुकू द्या, नाहीतर परत फुगेल.” म्हणजे नाताळ उघड्या भिंतीतच होणार होता. याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, माजघराच्या कोपऱ्यात, आमचा गोठा मांडण्याची जागा. तिकडंही ओल पोचली होती.

सासूबाई दिवसभर काही बोलल्या नाहीत. रात्री जपमाळ झाल्यावर म्हणाल्या, “सणाच्या तोंडावर घरात पाणी फुटलं. आपलंच काहीतरी चुकलं असणार.” आणि थोड्या वेळानं, “या वर्षी गोठा नको मांडूया. फुटक्या घरात बाळ येशूला कुठं ठेवणार?”

ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याचं उत्तर प्रभूनं स्वतःच दिलेलं आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं गेली, ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती का, असं त्यानं लोकांना विचारलं आणि तसा हिशोब मांडायला साफ नकार दिला. लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात हे आहे. पश्चात्ताप करा, असं तो पुढं सांगतो हे खरं. पण ते सगळ्यांना सांगतो, ज्यांच्यावर बुरूज पडला त्यांच्याकडं बोट दाखवून सांगत नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. बुरुजाची गोष्ट त्यांना माहीत होती.

दुसरं वाक्य अवघड. ते निव्वळ भाबडं नाही. देव यायचा तर घर धड असायला हवं, घराची डागडुजी झाल्याशिवाय सण करणं म्हणजे त्याचा अनादर, अशी त्यात एक भक्तीच आहे. रंगरंगोटी, धुणंपुसणं, पापनिवेदन करून मन साफ करणं, हे सगळं आगमनकाळात आम्ही त्याच भक्तीनं करतो. पण तिच्या तळाशी एक समज दडलेली असते: देवाचं येणं आणि घराची दुरुस्ती या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. तिथंच वहीतला प्रश्न मला आठवला.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिया’च्या तिसऱ्या भागाच्या अगदी आरंभी तो घेतला आहे. त्यांचं म्हणणं असं, की जे निव्वळ देवाच्या इच्छेवर अवलंबून आहे ते आपल्याला पवित्र शास्त्रातूनच कळू शकतं, आणि शास्त्र तर देवपुत्राच्या देहधारणेचं कारण म्हणून जागोजाग माणसाचं पापच सांगतं. तेव्हा पाप झालं नसतं तर देव माणूस झाला नसता, असं मानणं अधिक सयुक्तिक. थॉमस सावधपणे लिहितात. देवाला तसं करता आलं नसतं असं ते म्हणत नाहीत, त्याच्या सामर्थ्याला मर्यादा नाही हे ते लगेच नोंदवतात.

थॉमस १२७४ साली वारले. त्यांच्यानंतरच्या पिढीतले फ्रान्सिस्कन जॉन डन्स स्कोटस, ज्यांचा अंत १३०८ साली कोलोनमध्ये झाला, नेमकी उलट बाजू घेतात. सुज्ञ कर्ता आधी साध्य ठरवतो, मग साधनं. देवाच्या सगळ्या निर्मितीत ख्रिस्ताहून थोर काही नाही. मग जे सर्वांत थोर, ते केवळ आदामाच्या घसरण्यामुळं घडून आलं, एरवी घडलंच नसतं, असं कसं मानायचं? आणि तसं असेल तर आदामाच्या पतनाचा आनंद मानायला हवा. दुसऱ्याच्या पडण्याचा आनंद मानणं हे कुठल्या सज्जनाला शोभेल? स्कोटस म्हणतात, ख्रिस्ताचं येणं आधीपासूनच ठरलेलं होतं. पापामुळं बदललं ते येण्याचं रूप. तो दुःख सोसणाऱ्या, मरण येणाऱ्या देहात आला, हे आपल्या पापामुळं. पण आला, ते पापामुळं नव्हे.

ओल्या भिंतीसमोर उभी राहून मी हे माझ्या भाषेत लावून पाहिलं. आमच्या घरी प्लंबर आला तो पाइप फुटला म्हणून; फुटला नसता तर त्याचं काही काम नव्हतं, आणि काम झाल्यावर तो गेला. नाताळ हे तसं येणं आहे का? की सणाला पाहुणा येतो तसं, जे पाइप फुटो न फुटो, होणारच होतं?

मी स्कोटसच्या बाजूची आहे. हे म्हणताना थॉमसना कमी लेखण्याची माझी योग्यता नाही आणि इच्छाही नाही. पण नाताळच्या दिवशी, सकाळच्या मिस्सेला, कुठलं शुभवर्तमान वाचतात ते पाहा. रात्रीच्या मिस्सेला लूक असतो: नावनिशी, गव्हाण, मेंढपाळ. सकाळी मात्र योहानाचा पहिला अध्याय. त्यात गोठा नाही, बेथलेहेम नाही, मरियेचं नावसुद्धा नाही. सगळं ज्याच्याद्वारे झालं तो शब्द स्वतःच्याच लोकांत आला, एवढंच योहान सांगतो. प्लंबर परक्या घरात येतो. इथं येणारा आपल्या घरी येतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आणखी पुढं जातो: सगळं त्याच्याद्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झालं. ज्याच्यासाठी घर बांधलं, तो ते मोडल्यावरच यायचा होता हे माझ्या मनाला पटत नाही.

ही पंडितांची बारकाई वाटेल, पण घरात तिचा फार मोठा फरक पडतो. नाताळ म्हणजे दुरुस्ती, एवढंच धरून चाललं तर जिथं जिथं दुरुस्ती झालेली दिसत नाही, तिथं तिथं नाताळ खोटा ठरतो. आणि कुठल्या घरात सगळी दुरुस्ती झालेली असते? आमच्या आळीत एका घरी नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून ठरलेल्या वारांना त्यांना घेऊन जावं लागतं आणि नाताळ त्या वारी आला म्हणून मशीन थांबत नाही. दुसऱ्या एका घरी मुलगा आखातात आहे, त्याला रजा नाही. त्यांच्या ओटीवर चांदणी लागते, आमच्याहून आधी लागते. ती लावताना त्या बायका काही बरं झालं म्हणून आनंद करत नसतात. मग कशाचा आनंद करतात? मला वाटतं, त्यांना स्कोटस न वाचता कळलेला आहे.

चर्चच्या पंचांगालाही ते माहीत आहे. नाताळचा काळ पंचवीस तारखेला संपत नाही, तिथं तो सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. त्यात लगेच दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, संत स्तेफनचा सण: दगडांनी ठेचून मारलेला पहिला रक्तसाक्षी. २८ तारखेला निष्पाप बालकांचा, ज्यांना हेरोदानं बेथलेहेमात मारलं. धर्मगुरू तांबडी वस्त्रं घालून वेदीवर येतात आणि शेजारी गोठ्यातले दिवे लुकलुकत असतात. ज्यांनी हे सण इथं ठेवले त्यांना नाताळ अशा गोष्टींपासून वेगळा ठेवायचा असता तर ते सहज जमलं असतं. वर्षात दिवस पुष्कळ होते. लहानपणी मला हा क्रम क्रूर वाटे. आता वाटतं, त्यांनी आनंद आणि सुरळीतपणा यांची कधी गल्लत केली नाही.

गोठ्याच्या परंपरेसाठीही आपण ज्याच्याकडं बोट दाखवतो, त्या असिसीच्या फ्रान्सिसचं १२२३ सालचं ग्रेच्चो इथलं नाताळ आठवून पाहा. त्याची तब्येत ढासळत चालली होती. तीन वर्षांच्या आत तो वारला. डोंगरातल्या त्या जागी त्यानं गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढंच मागितलं होतं, सणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी. त्याला बाळ येशूची बेथलेहेमातली अडचण डोळ्यांनी बघायची होती. थॉमस ऑफ चेलानो या त्याच्या चरित्रकारानं त्याची दुसरी एक आठवण दिली आहे, ती मला जास्त आवडते. एकदा नाताळ शुक्रवारी आला. शुक्रवार म्हणून मांस वर्ज्य, असं एका बंधूनं म्हणताच फ्रान्सिसला ते सहन झालं नाही. आज भिंतींनीसुद्धा मांस खायला हवं, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान वरून चोळायला हवं, अशा अर्थाचं तो बोलला. बैलगाढवांना त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दाणागवत मिळावं, पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकावं, अशी त्याची इच्छा होती. स्कोटस त्याच्याच संघाचा मुलगा. ज्या सणात भिंतीसुद्धा जेवायला बसाव्यात तो सण केवळ पापावरचा इलाज कसा असेल, हे त्या संघात कुणाला तरी सुचणारच होतं.

मी सासूबाईंना फ्रान्सिसची भिंतीची गोष्ट सांगितली. त्यांनी आमच्या भिंतीकडं पाहिलं. मग, “माजघरात नकोच. ओल आहे, पेंढा कुजेल,” असं म्हणून त्यांनी स्वतःच ओटीवरचा कोपरा दाखवला. स्कोटसचं म्हणणं त्याहून नेमकं मला कुणी सांगितलं नसतं. फुटलेल्या पाइपामुळं गोठ्याची जागा बदलली. गोठा मांडायचा की नाही, हे त्या पाइपाच्या हातात नव्हतं. नवऱ्यानं वाडीतून केळीची सोपटं आणि पेंढा आणला, नाचणीचं ताट मधे ठेवलं, दिव्यांच्या माळेला पुढच्या खोलीतून वायर ओढली. कुलकुलं ओटीवरच गॅसची शेगडी मांडून तळली. शेजारच्या दोघी हातभार लावायला आल्या होत्या. काट्याच्या पाठीवर मैद्याची गोळी दाबून वळवताना सासूबाईंचा हात अजून आमच्या सगळ्यांपेक्षा भराभर चालतो. केक शेजारच्या ओव्हनमध्ये भाजला. त्यांचा ओव्हन तळातून जास्त तापतो, केकची खालची बाजू करपली, ती कापून टाकून बाकीचा वाटला.

नाताळनंतर फादर सासूबाईंना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरी आले. गुडघ्यांमुळं त्यांना आता चर्चपर्यंत जाववत नाही. चहा घेताना उघड्या भिंतीवरून विषय निघाला आणि मी माझा स्कोटस मांडला. फादर थॉमसच्या बाजूचे निघाले. ते म्हणाले, “ज्याचं घर बुडतंय त्याला पाहुणा नको असतो. त्याला वाचवणारा हवा असतो.” मी म्हटलं, “श्रद्धांगीकारात तो आपल्यासाठी आला असं आधी म्हटलंय, तारणासाठी हे नंतर.” ते म्हणाले, “नंतर असलं तरी म्हटलंय ना?” आणि मग, कप खाली ठेवत, जरा गंभीर होऊन, “क्रुसाला कमी करू नका. तुमच्या स्कोटसनं केलेलं नाही.”

ते बरोबर होते. वाचवणारा हवा असतोच. डायलिसिसवाल्या घरी जाऊन ‘तो नुसता सोबतीला आलाय’ असं सांगण्याची माझी हिंमत होणार नाही. पण बेथलेहेमातल्या त्या बालकांच्या आयांचं काय, हे मी फादरांना विचारल्याशिवाय राहिले नाही. त्यांची मुलं वाचली नाहीत. जो वाचवायला आला होता त्यालाच त्या रात्री मिसरात पळवून न्यावं लागलं. तो केवळ डागडुजीसाठी आला असेल तर पहिला तडा त्याच्याच आठवड्यात गेला, आणि तो त्यानं बुजवला नाही. फादर बराच वेळ गप्प होते. “म्हणून तर काम अजून संपलेलं नाही,” ते म्हणाले. आम्ही दोघं तिथंच थांबलो, कारण सासूबाईंना औषध घेऊन झोपायचं होतं.

भिंत सुकते आहे. गवंडी येऊन पाहून गेला, लोणा खरवडून मगच प्लास्टर करू म्हणाला. गोठा आवरून झाला, नाचणी कोंबड्यांना घातली. आता प्रायश्चित्तकाळ सुरू होईल, आणि त्या दिवसांत फादरांची बाजू माझ्या बाजूपेक्षा भारी पडणार हे मला ठाऊक आहे. क्रुसाची वाट करताना प्रत्येक स्थानकापाशी थॉमसच खरे वाटतात. पुनरुत्थानाच्या रात्री पास्खाच्या मेणबत्तीपाशी जे घोषणागीत गातात, त्यात तर आदामाच्या पापालाच भाग्याचं म्हटलेलं आहे. ते स्कोटसच्या तोंडावर फेकायला फादर नक्की विसरणार नाहीत. मी ते गीत सगळ्यांबरोबर मनापासून ऐकेन, आणि मिस्सा सुटल्यावर त्यांना अंगणात गाठून विचारेन, की स्कोटस स्वतः फ्रान्सिस्कन याजक होते, त्या रात्री तेच गीत तेही ऐकत असणार. मग त्यांनी ते ऐकताना मनात काय धरलं असेल?